गोष्ट कुणाची?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत. मराठी आणि इतिहास हे दोन विषय शिकवतो. वय चाळिशीच्या अलीकडे, बी.एड. झालेले, अधूनमधून कथा लिहिणारे. नाटक-सिनेमाशी आमचा संबंध एवढाच, की २६ जानेवारीला मुलांकडून पंधरा मिनिटांची नाटुकली बसवून घेतो आणि पडदा ओढायला स्वतः उभे राहतो. अशा माणसाने लघुपटाची कल्पना घेऊन पुण्याला परीक्षकांसमोर जावे, हे आमच्या मुख्याध्यापकांना काही पटले नाही. किरकोळ रजेचा अर्ज वाचून ते म्हणाले, "सर, कारण 'घरगुती' लिहा. सिनेमा वगैरे बरं दिसत नाही." आम्ही 'घरगुती' लिहिले. पुढे जे घडले ते पाहता हे कारण अगदीच खोटे नव्हते.

या लेखात 'आम्ही' म्हणजे एकच माणूस समजावा. ही सवय कुठून लागली ते पुढे ओघाने येईलच.

सुरुवात पुरापासून करावी लागेल. २१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. दुसऱ्या दिवशी, २२ जुलैला, चिपळूण बुडाले. वाशिष्ठीचे पाणी अम्मीच्या तळमजल्यावरच्या घरात छताच्या पंख्याला टेकले. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी अम्मीला वेळीच वर नेले म्हणून ती वाचली. आम्ही नोकरीच्या गावाहून पोचलो तेव्हा पाणी उतरले होते आणि घरात गुडघाभर गाळ होता. फ्रीज आडवा पडलेला, ईदचे गोश्त त्यातच सडलेले. फावड्याने गाळ उपसताना निडो दूध पावडरचा एक जुना पत्र्याचा डबा हाती लागला. झाकण घट्ट होते, तरी पाणी आत शिरले होतेच. आत अकरा कॅसेट होत्या.

अम्मी म्हणाली, "टाकून दे. आता वाजवणार कशावर?"

आम्ही टाकल्या नाहीत. त्यातल्या एका कॅसेटशी आमचा जुना हिशेब होता.

आज तिशीच्या आतले जे वाचक आहेत त्यांना कॅसेटची चिठ्ठी ठाऊक नसेल. कोकणातल्या आमच्या घराघरांतला एक तरी पुरुष त्या काळी आखातात असे. आमचे अब्बा सौदीत दमामला एका कंपनीत फिटर होते. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. फोन महाग, आणि तोही गावातल्या एस.टी.डी. बूथवर, दहा माणसांच्या समोर. चिठ्ठी यायची, पण आमच्या अम्मीला कुराणशरीफ वाचता येई, चिठ्ठी वाचता येत नसे. म्हणजे नवऱ्याची चिठ्ठी दिराकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यायची. त्यात नवरा काय लिहिणार आणि बायको काय ऐकणार? म्हणून कॅसेट. अब्बा खोलीत बसून तासाभराची कॅसेट भरत आणि सुट्टीवर निघालेल्या कुणा गाववाल्याच्या हाती देत. टँगचा डबा, टायगर बाम, साबणाच्या वड्या आणि कॅसेट असे ते पार्सल घरी पोचे. पहिल्यांदा सगळे मिळून ऐकत. नंतर रात्री अम्मी आवाज बारीक करून एकटी ऐके. एवढा एकांत तिला दुसऱ्या कशाने दिला नसता.

कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, टेपचे लाल बटण दाबलेच जात नाही. अब्बा प्रत्येक कॅसेटचे दोन्ही दात मोडून पाठवत. आपला आवाज कुणी पुसू नये एवढीच त्यांची काळजी. पण त्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला की बटण पुन्हा दाबले जाते. हे आम्हांला वाडीतल्या मोठ्या मुलांनी शिकवले होते.

९ मार्च १९९६, शनिवार. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, बंगलोरला भारत विरुद्ध पाकिस्तान. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे. टीव्ही शेजारी होता, पण तिथे दाराबाहेरपर्यंत माणसे. आम्ही घरी आमच्या टू-इन-वनच्या रेडिओला कान लावून बसलो होतो. अम्मी वाडीत अकिक्याच्या जेवणाला गेलेली. आपा, म्हणजे आमची थोरली बहीण, वय तेरा, मागच्या पडवीत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. अजय जडेजाने वकार युनूसला धुवायला सुरुवात केली. २५ चेंडूंत ४५ धावा. ती कॉमेंट्री सोमवारी शाळेत दोस्तांना ऐकवायचीच, या एका वेडाने आम्ही उठलो. टेपमध्ये जी कॅसेट होती ती दोनच दिवसांपूर्वी दमामहून आलेली. उर्दूच्या वहीचा कोपरा फाडला, बोळा केला, खाचेत कोंबला. लाल बटण दाबले गेले.

भारताने २८७ धावा केल्या आणि सामना ३९ धावांनी जिंकला. अब्बांच्या कॅसेटच्या पहिल्या बाजूची पंचवीसेक मिनिटे त्यात गेली.

त्या पंचवीस मिनिटांत अब्बा आपाच्या शाळेबद्दल बोलले होते. गावातली उर्दू शाळा सातवीपर्यंत. आपा त्या वर्षी सातवीत. पुढे शिकायचे तर एस.टी.ने चिपळूणला जावे लागणार. अम्मी म्हणे, तिला पाठवा असे अब्बांनी सांगितले आहे. चाचा म्हणत, "भाईने 'जमलं तर बघा' असं म्हटलंय." आता कॅसेट लावून बघावी, तर त्यात वकार युनूसची गोलंदाजी. जूनमध्ये आपाचे नाव कुठेच घातले गेले नाही. अब्बांची पुढची कॅसेट आली तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. 'पुढल्या वर्षी बघू', असे ते म्हणाले. ते पुढले वर्ष आले नाही. कॅसेट पुसल्याचा आळ आपावर आला होता. अम्मीने तिला मारले. अम्मीने तिच्यावर हात उचललेला आम्ही तेवढाच पाहिला. टू-इन-वन कपाटात गेला आणि किल्ली अम्मीच्या कमरेला.

पुढे आम्ही शिकलो, डी.एड. केले, नोकरी लागल्यावर बी.एड. केले. अब्बा १९९९ ला कायमचे परत आले, २०११ ला अल्लाहला प्यारे झाले. आणि पटनोंदणीच्या दिवसांत आम्ही दारोदार फिरून आयाबायांना सांगतो, मुलीला सातवीनंतर घरी बसवू नका. हे सांगताना दर वर्षी घशात काहीतरी अडकते, ते कुणाला सांगितले नव्हते.

पुरातल्या कॅसेट आम्ही एका टेप दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे नेल्या. त्याने कवच उघडले, फीत स्वच्छ पाण्यात धुतली, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवली आणि दुसऱ्या कवचात भरली. अकरांपैकी चारच वाजल्या. आमची वाजली. खरखरीतून कॉमेंट्री, प्रेक्षकांचा गोंगाट, मग एक 'खट्' आणि लगेच अब्बांचा आवाज, वाक्याच्या अर्ध्यातून: "...आणि पावसाआधी कौलं परतून घ्या. वर जे सांगितलं ते लक्षात असू द्या. बाकी खैरियत."

वर जे सांगितले ते नव्हते.

ही घटना कागदावर उतरवावी असे तेव्हाच वाटले. पण कथा म्हणून लिहायला बसलो तर जमेना. 'अपराधीपणाची भावना', 'काळजात सल' असले शब्द येत आणि सगळे खोटे वाटू लागे. यात तर फक्त एक खोली, एक टेप, एक बोळा आणि एक आवाज. ही डोळ्यांनी आणि कानांनी सांगायची गोष्ट आहे, वाचायची नाही, असे वाटले. २०२३ साली एका संस्थेने नवोदितांकडून लघुपटाच्या कल्पना मागवल्या. निवडलेल्यांनी पुण्याला येऊन परीक्षकांसमोर तीन मिनिटांत आपली कल्पना मांडायची. त्याला तिकडे 'पिच करणे' म्हणतात. पसंत पडेल त्या कल्पनेला खर्चासाठी मदत मिळणार होती.

अर्जात चार गोष्टी हव्या होत्या. पहिली, लॉगलाइन, म्हणजे तीसेक शब्दांत अख्खी गोष्ट: कुणाला काय हवे आहे आणि आडवे काय येते. दुसरी, एक पानाचा सारांश, तोही वर्तमानकाळात आणि पडद्यावर जे दिसते-ऐकू येते तेवढ्याचाच. तिसरी, हा लघुपट तुम्हालाच का करायचा आहे याचे मनोगत. चौथी, अंदाजपत्रक. हिशेब असा की पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. बारा मिनिटांचा लघुपट म्हणजे बारा पाने. त्यात तीन पिढ्यांचा इतिहास मावत नाही.

ज्यांनी बी.एड. केले आहे त्यांना हे अवघड वाटू नये. सूक्ष्म अध्यापनाचा पाठ आठवा. पाच-सहा मिनिटे, एकच कौशल्य, आणि मागच्या बाकावर निरीक्षण नोंदवणारे. तिथेही आम्ही सुरुवातीला अख्खा मुघल काळ सहा मिनिटांत कोंबायचो आणि शेरा यायचा, 'एकच मुद्दा घ्या.' लघुपटालाही तोच शेरा लागू आहे.

उदाहरणे शोधू लागलो तेव्हा दोन नावांनी धीर दिला. इराणचे अब्बास कियारोस्तमी यांचा पहिला लघुपट 'नान व कूचा', म्हणजे रोटी आणि गल्ली, १९७० चा. जेमतेम दहा मिनिटांचा. रोटी घेऊन घरी निघालेला मुलगा, गल्लीत वाट अडवून बसलेला कुत्रा. संपली गोष्ट. ही आठवण होती त्यांच्या भावाची, आणि लघुपट तयार झाला मुलांसाठी काम करणाऱ्या एका सरकारी संस्थेत. दुसरे नाव आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या नागराज मंजुळे यांचे. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, शिकत असताना त्यांनी 'पिस्तुल्या' केला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी मुलाची गोष्ट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' त्यानंतरची, २०१३ ची. आणि मालेगावला विसरून कसे चालेल? तिथल्या नासिर शेख आणि मंडळींनी २००० च्या सुमारास व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला, तेव्हा त्यांनी कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. २०२५ मध्ये त्यांच्यावरच रीमा कागती यांचा मोठा हिंदी चित्रपट आला. उर्दू शाळेचा मास्तर लघुपट का करू शकणार नाही?

आम्ही अर्ज भरला. लॉगलाइन अशी होती: 'आखातातून आलेल्या वडिलांच्या आवाजाच्या कॅसेटवर क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली जाते. गैरसमजातून मोठ्या बहिणीवर आळ येतो आणि तिची शाळा सुटते.' आमची निवड झाली. आणि आम्ही 'घरगुती' कारणासाठी पुण्याला गेलो.

परीक्षक तिघे होते. माणसे चांगली होती, मन लावून ऐकत होती. आमची तीन मिनिटे संपताच पहिल्यांनी विचारले, "भारत-पाकिस्तान सामना आहे. मुलगा कुणाच्या बाजूने असतो?"

आम्ही म्हणालो, "जडेजाच्या."

ते हसले, पण समाधान झाले नाही. त्यांचे म्हणणे, मुसलमान घर, आखात, पाकिस्तानशी सामना, हे एवढे सगळे एकत्र आले आहे तर त्यातला तणाव वापरायला हवा. मुलाच्या मनात द्वंद्व दाखवा, किंवा वाडीबाहेरच्या पोरांशी मारामारी दाखवा. दुसऱ्यांनी सुचवले, मुलीची शाळा धर्माच्या कारणाने सुटली असे केले तर विषय मोठा होईल. हेतू वाईट नव्हता. बाहेर कोणता विषय उचलला जातो हे त्यांना ठाऊक होते आणि ते आमच्या भल्याचेच सांगत होते. पण आमच्या घरात त्या दिवशी पाकिस्तान नव्हते आणि कोणी मौलवीही नव्हता. कारणे एस.टी.च्या वेळेची, चुलीच्या कामाची आणि चाचांच्या शब्दाची होती. आपल्यावर सिनेमा निघतो तेव्हा एक तर दंगल असते नाही तर तलाक असतो, कौलं परतण्याची गोष्ट नसते, हे आम्ही जरा तावातच बोललो. मनातून खूषही होतो, की आपण आपल्या समाजाची बाजू मांडली.

तिसऱ्या परीक्षक बाई होत्या. त्या तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी आमचा कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "सर, मला सामन्याचं काही नाही. मला एक कळत नाही. कॅसेटवर क्रिकेटची कॉमेंट्री आहे. घरात क्रिकेटवेडा कोण, तर मुलगा. मग आईने आधी मुलालाच धरायला हवं. आळ बहिणीवर गेला कसा?"

"गैरसमजातून," आम्ही म्हणालो.

"गैरसमज आपोआप होत नाही. कुणीतरी करून देतं. इथे तुमच्या गोष्टीत भोक आहे." मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि हे बघा, 'टेप केली जाते', 'आळ येतो', 'शाळा सुटते'. मनोगतातही सगळीकडे 'आम्ही'. करणारा कोण? गोष्ट कुणाची आहे?"

आम्हांला घाम फुटला. आम्ही शिक्षक माणसे. वर्गात 'आपण आता धडा उघडू या' म्हणतो, शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिताना 'आम्ही खाली सह्या करणारे' म्हणून लिहितो. त्या गर्दीत एकट्या माणसाला बरे लपता येते. बाईंनी नेमकी लपायची जागा दाखवली होती.

कारण ते भोक आम्हीच पाडलेले होते. अम्मीने त्या संध्याकाळी खरोखर आम्हांलाच धरले होते. आणि आम्ही म्हणालो होतो, "आपाने लावून दिली." लाल बटण चालवता येते ते घरात फक्त आपाला, हे अम्मीला माहीत होते. तिला ते पटले. आपा पिठाच्या हातांनी पडवीतून धावत आली, "मी नाही केलं" म्हणाली. आम्ही पुन्हा म्हणालो, "आपानेच." सत्तावीस वर्षे ही घटना आम्ही मनात हजार वेळा लावली असेल, पण दर वेळी तेवढा तुकडा गाळून. कॅसेट पुसल्याचे दुःख आम्ही करत होतो. ते सोपे होते, कारण आठ वर्षांच्या पोराच्या हातून कॅसेट पुसली जाऊ शकते. खोटे बोलणे मात्र हातून होत नाही.

परीक्षकांनी सुधारून आणण्यासाठी पंधरा दिवस दिले. आम्ही पुण्याहून घरी न जाता थेट खेड तालुक्यात आपाच्या घरी गेलो.

आपा आता चाळिशीत. लेक फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. दुपारची वेळ, ती उन्हात आंबोशी वाळत घालत होती. आम्ही आधी गोल गोल बोललो, पूर, कॅसेट, लघुपट. मग सांगितले की गोष्ट तुझी आहे, म्हणून परवानगी हवी. आणि त्या संध्याकाळी काय बोललो होतो ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. आमच्या घरची बोली वेगळी आहे, इथे साध्या मराठीत देतो.

ती हात पुसत म्हणाली, "हे तू मला सांगतोस? मी तिथेच उभी होते ना."

"आपा, माझ्यामुळे तुझी शाळा..."

"शाळेचं तू कशाला अंगावर घेतोस?" ती म्हणाली. "अब्बांनी काय सांगितलं ते अम्मीने ऐकलं होतं, चाचांनी ऐकलं होतं, सगळ्यांनी बसून ऐकलं होतं. कॅसेट पुसली म्हणून काय कान पुसले गेले? कॅसेट असती तरी मला घरीच बसवलं असतं. कॅसेट नाही हे त्यांना बरंच झालं, एवढंच."

आम्ही गप्प.

"मला लागलं ते दुसरंच. मी खरं सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. अम्मीचा मार दोन दिवसांत विसरले. पण तू माझ्याकडे बघून 'आपानेच' म्हणालास. मी तुझ्या वहीचा कोपरा फाटलेला बघितला होता. दाखवला असता तर तू मार खाल्ला असतास. मग म्हटलं, जाऊ दे."

थोड्या वेळाने तिनेच विचारले, "अब्बा काय म्हणाले होते, ऐकायचंय?" आणि आंबोशीच्या फोडी पालथ्या करता करता ती बोलू लागली. अब्बांच्या लयीत, अब्बांसारखी मध्ये खाकरून. मोठीला पुढे शिकवा. सातवीनंतर घरी बसवू नका. चिपळूणला हायस्कुलात घाला, एस.टी.चा पास काढून द्या, त्याचे पैसे मी वेगळे पाठवतो आहे, त्या पैशांना घरखर्चात हात लावू नका. ती मुलगी हुशार आहे, तिच्या वहीची अक्षरं बघितली की मला इकडे बरं वाटतं. आणि पावसाआधी कौलं परतून घ्या. वर जे सांगितलं ते लक्षात असू द्या.

तिने ती कॅसेट एकदाच ऐकली होती. सत्तावीस वर्षांत शब्द इकडेतिकडे झाले असतील. पण शेवटची वाक्ये आमच्या वाचलेल्या फितीशी तंतोतंत जुळत होती, आणि ती फीत तिने अजून ऐकलेली नव्हती.

आपाने परवानगी दिली, दोन अटी घातल्या. नाव बदलायचे. आणि, "मला रडताना दाखवू नकोस. मी रडले नव्हते. आणि शेवटी शाळेत जातानाही दाखवू नकोस. मी गेले नव्हते." पटकथेच्या पुस्तकांत शेवटाबद्दल इतके नेमके आम्ही वाचलेले नाही.

रात्री तिच्याच घरी बसून नवी लॉगलाइन लिहिली: 'तेरा वर्षांच्या मुलीला शाळेत पाठवा, असे सांगणारी वडिलांची कॅसेट धाकटा भाऊ पुसतो आणि खोटे बोलून आळ तिच्यावर ढकलतो. पुसलेला प्रत्येक शब्द तिला पाठ आहे, पण तिचे ऐकायला घरात कुणी नाही.' यात करणारा कोण आणि सोसणारा कोण, दोन्ही दिसतात. सामना ठेवला, कारण तो खरा होता. पण फक्त मागच्या खोलीतून येणारा आवाज म्हणून. कॅमेरा पडवीत, भाकऱ्या थापणाऱ्या मुलीपाशी राहील. म्हणजे भारत-पाकिस्तान तिच्या पाठीमागे कुठेतरी चालू असेल, आणि तिचे सगळे लक्ष तव्यावर.

पंधरा दिवसांनी पुन्हा मांडणी केली. या वेळी पुरी अडीच मिनिटेही लागली नाहीत. बाई म्हणाल्या, "आता भोक बुजलं." पहिल्या परीक्षकांनी सामन्याबद्दल काही विचारले नाही. अंतिम यादीत मात्र आमचे नाव नव्हते. वाईट वाटले, खोटे कशाला सांगावे? परतीच्या एस.टी.त अंदाजपत्रकाचा कागद चारदा काढून पाहिला. मग मात्र हिशेब केला की मोबाइलचा कॅमेरा आहे, आपाचे जुने गाव आहे, टू-इन-वन भंगारवाल्याकडे मिळेल, आणि आमच्या शाळेत तेरा वर्षांच्या मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या पालकांची लेखी संमती घेऊन येत्या उन्हाळी सुट्टीत काम करायचे ठरले आहे. बारा पानांची पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवता येते, तेही करणार आहोत.

या वार्षिकात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्या अनेक बंधुभगिनींकडे अशा गोष्टी पडून असतील. आखातातल्या असतील, मागावरच्या, विडीच्या सुपातल्या, मदरशाच्या ओट्यावरच्या असतील. त्या लघुपटासाठी कुणापुढे मांडायच्या ठरवल्यात, तर बाहेरचे लोक तुमच्या गोष्टीत काय घालू पाहतात त्याविरुद्ध अवश्य भांडा. आम्हीही भांडलो. पण भांडून झाल्यावर आपण स्वतः त्यातून काय काढून ठेवले आहे तेही एकदा बघा. 'असे झाले', 'तसे घडले' असे जिथे लिहिले असेल तिथे करणाऱ्याचे नाव घालून बघा. आणि ज्याची गोष्ट आहे त्याला विचारल्याशिवाय पुण्याला जाऊ नका. आम्ही उलट क्रमाने गेलो, म्हणून हे सांगण्याचा अधिकार.

अम्मीला सांगायचे राहिले होते. ती आता थकली आहे, ऐकू कमी येते. तिच्याजवळ बसून मोठ्याने सगळे सांगावे लागले, "आपाने नाही, मी केलं होतं, आणि मी खोटं बोललो होतो." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिला फोन लावून दे."

आम्ही आपाचा नंबर लावून फोन तिच्या हाती दिला. अम्मी उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. दोघी काय बोलल्या ते आम्हांला ठाऊक नाही. विचारलेही नाही. आपाने ते दिवस पडद्यावर आणायची परवानगी दिली आहे, या फोनची नाही. म्हणून पटकथेच्या शेवटच्या पानावर आम्ही एवढेच लिहिले आहे: लोटलेले दार, आतून बोलण्याचा अस्पष्ट आवाज, बाहेर भाऊ उभा आहे.